बंद घराचे अडीचशे युनिट

माझ्या सासऱ्यांचं खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत एकदा छापून आलं, तेवढंच. एरवी लहानथोर सगळे त्यांना बंदकाका म्हणतात. मी त्यांना 'बाबा' म्हणावं अशी बायकोची फार इच्छा. पण माझ्याही तोंडात काकाच बसलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर लोकांची घरं बंद करून द्यायला लागले. कुणी महिना-दोन महिने परगावी निघालं की आदल्या दिवशी यांना निरोप जातो. हे येतात, चष्मा पुसतात आणि घर झोपवतात. 'झोपवणं' हा त्यांचाच शब्द. गीझरचं बटण काय, कुणीही बंद करतं. हे टीव्हीचा लाल ठिपका विझवतात, भिंतीत अडकून राहिलेला चार्जर दात उपटावा तसा उपटतात, फ्रिज रिकामा करून, कोरडा पुसून त्याच्या दारात दुमडलेला नॅपकिन अडकवतात, म्हणजे आत कुबट वास धरत नाही. शेवटी मेन स्विच खाली. "थेंबे थेंबे तळं साचतं हे शाळेत शिकवतात," ते म्हणतात, "थेंबे थेंबे आटतं ते कुणी शिकवत नाही."

बंद घराला फक्त स्थिर आकाराचं बिल यायचं, एक युनिट वर नाही, ही त्यांची हमी. शिवाय आठवड्याला एक चक्कर. त्यांच्या दारामागच्या फळीवर अशा एकोणीस घरांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. पैसे ते नावाला घ्यायचे. खरी कमाई ती फळी. घरी कुणी आलं की पाणी विचारायच्या आधी फळी दाखवायची. एकोणीस कुटुंबं आपलं दार कुणाच्या हाती उगाच देत नाहीत.

सासूबाईंचं मत वेगळं. "लोकांची घरं झोपवतात आणि मला स्वतःच्या घरात चाचपडत फिरवतात," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "जावईबापू, न्हाणीघरात वेळ लागला तर आतून खाकरत राहा. नाहीतर हे बाहेरून दिवा घालवतात." मला वाटलं थट्टा आहे. नव्हती.

त्या गुरुवारी दुपारी मी तिथेच जेवायला होतो. फोन आला मॅनेजरसाहेबांचा. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चार महिन्यांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी बायकोसह गेलेले. काका फोन कानाला लावत नाहीत, आवाज मोठा करून ताटाशेजारी ठेवतात, त्यामुळे आम्ही तिघांनीही ऐकलं.

"बंदकाका, आमच्या घरात कोण राहतंय?"

काकांचा घास हातातच राहिला. "कोण राहणार साहेब? कुलूप आहे."

"कुलूप वीज खात नाही! महिन्याला अडीचशे युनिट. तुमच्या भरवशावर मी बिलं उघडूनच पाहिली नाहीत. आज पाहिली. चारही महिने तेच."

"मेन स्विच खाली आहे साहेब. मी दर सोमवारी जातो..."

"तेच म्हणतोय मी. किल्ली तुमच्याकडे, सोमवार तुमचा. रविवारी माझा भाऊ येईल. घर कुणाला वापरायला दिलंय ते त्याला सांगा. नाही सांगितलंत, तर ज्यांच्या ज्यांच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत त्या सगळ्यांना मी एकेक फोन करीन."

"शेजारी जरा विचारून बघू का?"

"अजिबात नाही. मास्तर वर्षभर अंथरुणाला खिळलेत, बाई आधीच कावलेल्या. त्यांना यात ओढू नका."

फोन बंद झाला. त्या वेळी सासूबाईंनी एखादा टोमणा मारला असता तर फार बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "जेवून घ्या. गार होतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका मला घेऊन निघाले. "साक्षीला कुणीतरी हवं," म्हणाले. "जावयाची साक्ष कुणी धरत नाही, पण माझे गुडघे स्टुलावर चढत नाहीत."

साहेबांचं घर जोडघर होतं. मधे एक सामाईक भिंत, पलीकडे मास्तरांचं. काकांनी कुलूप काढलं. बंद घरात शिरलं की माणूस उगाचच हळू बोलायला लागतो. सोफ्यावर जुनी चादर होती, आणि चादरीखाली सोफ्याऐवजी भलतंच कुणीतरी वाकून बसलंय असं वाटत होतं. फ्रिजचं दार नॅपकिनवर टेकून अर्धवट उघडं. घड्याळ चालू होतं, पण त्याचा टिकटिकाट इतका मोठा वाटला की मीच दचकलो. खाली धूळ. आणि त्या धुळीत दारापासून मेन स्विचपर्यंत आणि परत दारापर्यंत चपलांची एकच पायवाट. सोळा-सतरा सोमवारांची. त्या वाटेबाहेर एकसुद्धा पाऊल नव्हतं.

मेन स्विच खालीच होता. काकांनी त्याच्यावर हात ठेवला, एखाद्याच्या कपाळाला लावावा तसा.

"मीटर बघता ना दर वेळी?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषणात सांगून टाकलं होतं, की आता मेलो तरी कुणाच्या मीटरकडे मान वर करून बघणार नाही. लोक हसले होते. हा बाबा मात्र शब्दाला जागला होता.

आम्ही ओसरीत आलो. मीटरची पेटी डोक्याच्या वर. आत एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. घरात मेन स्विच खाली, एकही वस्तू चालू नाही, आणि हा दिवा लागतोय, विझतोय. घाई नाही, चुकणं नाही. दर तीन-सव्वातीन सेकंदांनी एकदा. गाढ झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसा. भर दुपारी माझ्या मानेवर काटा आला.

काका ओठ हलवत मोजत होते. "साडेतीनशे वॅट," ते कुजबुजले. "फ्रिज नाही. फ्रिज मधेच थांबतो. हे थांबतच नाहीये."

"मग काय आहे?"

"मीटर आणि मेन स्विचच्या मधे काहीतरी लागलंय."

मीटरची वायर मागच्या खोलीतून मेन स्विचकडे जात होती. त्या खोलीत पडदे ओढलेले. आम्ही दोघं उभे राहिलो आणि श्वास धरला. तरीही श्वास ऐकू येत होता. हुऽऽऽ, आणि मग फस्स. परत हुऽऽऽ, फस्स.

"काका, हे तुम्ही करताय?"

"मला वाटलं तुम्ही करताय."

आवाज सामाईक भिंतीतून येत होता. मी कान लावला. भिंत गार होती आणि आतून बारीक थरथरत होती. मी स्टुलावर चढून वायरीवरची लाकडी पट्टी सरकवली. जुन्या, कापड गुंडाळलेल्या दोन तारा मुख्य वायरीला पिळून जोडलेल्या होत्या आणि तिथून सरळ भिंतीत गेल्या होत्या.

"इथेच थांबा," काका म्हणाले. "मी मीटरखालचा फ्यूज ओढतो. आवाज थांबला तर सांगा."

ते ओसरीत गेले. हुऽऽऽ, फस्स. हुऽऽऽ... आणि थांबला. असा थांबला की घड्याळसुद्धा क्षणभर ऐकू येईना. लगेच भिंतीपलीकडे एक बारीक, लांबच लांब शिटी सुरू झाली, आणि त्या शिटीवरून एका बाईचा आवाज.

"अहो! अहो!"

अंथरुणाला खिळलेले मास्तर! मी स्टुलावरून कसा उतरलो ते आठवत नाही. "लावा! काका, परत लावा, मास्तर आहेत त्यावर!" ओसरीत काकांनी लावताना फ्यूज तीनदा खाचेच्या बाहेर आपटला. चौथ्यांदा बसला. पायात चपला न घालताच आम्ही कुंपणाला वळसा घालून शेजारी धावलो. काका वाटेत एकच गोष्ट बोलत होते, "मी माणूस बंद केला. मी माणूस बंद केला."

दार उघडंच होतं. मास्तरीणबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या, हात पिठाचे. आत पलंग. पलंगावर इस्त्री केल्यासारखी ताणलेली चादर, एक उशी, आणि उशीवर पारदर्शक नळी, नाकात घालायची. बाजूला गुडघ्याएवढं पांढरं मशीन. हुऽऽऽ, फस्स.

पलंगावर कुणीही नव्हतं.

"मास्तर?" काकांच्या तोंडून कसाबसा एवढाच शब्द निघाला.

"मास्तर गेले," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन महिने होतील. तुम्ही कोण?"

मशीन त्यांच्या मागे श्वास घेत होतं.

मग पाणी झालं, बसणं झालं. काकांनी जमेल तसं सांगितलं. ही दोन्ही एके काळी एकच वास्तू होती. मधे भिंत घातली तेव्हा मागच्या खोलीतला एक प्लग जुन्याच वायरीवर राहून गेला. पुढे घेणाऱ्यांना पत्ता नाही, विकणाऱ्यांना फिकीर नाही. वर्षापूर्वी मास्तरांचं ऑक्सिजनचं मशीन नेमकं त्या प्लगला लागलं. साहेब घरी होते तोवर ते युनिट त्यांच्या एसीच्या आणि गीझरच्या गर्दीत बेमालूम लपले. घर झोपलं आणि ते उघडे पडले.

"म्हणजे वर्षभर मी चोरी करत होते?"

"छे हो! तुम्ही प्लग लावला. चूक भिंतीची."

बाई नळीकडे बघत राहिल्या. "ते गेले त्या रात्री डॉक्टरांनीच मशीन बंद केलं. घर इतकं गप्प झालं की मला स्वतःचं चालणं ऐकू यायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी परत लावलं. आवाज थांबला की वाटतं, आत्ता गेले. मगाशी मी कणीक मळत होते. ठाऊक आहे मला, तरी तोंडातून 'अहो' निघालंच."

काका प्रत्येक घराला उपाय सांगतात. इथेही त्यांनी सांगून पाहिलं. "तासाभरानं आपोआप बंद होणारं बटण मिळतं. झोप लागली की..."

"थांबलं की जाग येते मला."

मग काकांच्या तोंडून मी आजवर कधीही न ऐकलेले दोन शब्द बाहेर पडले.

"चालू द्या."

शनिवारी त्यांनी त्या जुन्या तारा सोडवल्या आणि तो प्लग बाईंच्या मीटरवर घेतला. मशीन अर्धा तास बंद ठेवावं लागणार होतं. तेवढा वेळ बाई कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसल्या. "आता बिल तुमच्यावर पडेल," काकांनी बजावलं. "पडू दे," बाई म्हणाल्या. "पेन्शन त्यांचीच आहे." इकडे साहेबांच्या ओसरीतला लाल दिवा लुकलुकायचा थांबला.

परतताना मी म्हणालो, "चला, सुटलात. जुनी वायर, कुणाचाच दोष नाही. उद्या भावाला पट्टी सरकवून दाखवू."

"साहेब आकडेमोडीचा माणूस," काका म्हणाले. "तो आधी चार महिन्यांचं विचारील, मग वर्षाचं. मग विचारील, मास्तर तर गेले, मशीनवर कोण आहे? त्याचं उत्तर मी देऊ? गल्ली तिला वेड्यात काढेल. चार नातेवाईक येतील आणि तिच्या भल्यासाठी मशीन उचलून नेतील."

"मग भावाला काय सांगणार?"



रविवारी भाऊ आला. साहेब फोनवर होतेच. काका उभे राहिले आणि म्हणाले, "गीझर चालू राहिला. फ्रिजही. मेन स्विच खाली करायचा विसरलो. काल बंद केलं सगळं."

"चार महिने?" फोनमधून आवाज आला. "दर सोमवारी जात होतात ना?"

"जात होतो. लक्षात आलं नाही."

भाऊ हसला. "आणि लोक तुम्हाला बंदकाका म्हणतात!"

काकांनी फरकाचे पैसे देऊ केले. साहेब म्हणाले, "पैसे राहू द्या. वय झालं तुमचं. किल्ली तेवढी भावाकडे द्या." चिडून म्हणाले असते तर सोसलं असतं, ते मायेनं म्हणाले.

महिन्याभरात फळीवरच्या आठ किल्ल्या गेल्या. ज्या राहिल्या त्यांचे मालक प्रवासातून दोनदा फोन करून विचारायला लागले, "काका, गीझर नक्की ना?" घरी सासूबाईंनी एकदाच विचारलं, "खरंच विसरलात?" काका हो म्हणाले. माझ्याकडून त्यांनी शब्द घेतला होता, आणि मी बायकोलासुद्धा काही बोललो नाही. आता हे लिहायची परवानगी त्यांनी दिलेली नाही. मीही मागितलेली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही आठ दिवस बाहेर जाणार होतो. आमचंही घर झोपवायला काका आले. चष्मा पुसला, खोल्याखोल्यांतून फिरले, चार्जर उपटले, मेन स्विच खाली केला आणि दाराशी चपला घालायला वाकले. तेवढ्यात त्यांची लेक पाय न वाजवता मागे वळली. मोबाइलच्या उजेडात ती गीझरचं बटण चाचपून आली, मग फ्रिजचं, मग मेन स्विचला हात लावून आली. मी काही बोलणार होतो. काकांनी मला डोळ्यांनीच थांबवलं.

"बघ, बाळा, बघ," ते तिला म्हणाले. "एकदा बघितलेलं बरं. मी विसरतो हल्ली."