कैचीवरचे खडूचे गोल

"पुसू नका, शेठ," पास्कू म्हणाला. तोवर मी दोन गोल पुसलेही होते.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. सातिवलीत माझी फॅब्रिकेशनची शेड होती. सायकलवर गॅस सिलिंडर वाहून मी या धंद्यात आलो आणि पंधरा वर्षांनी स्वतःची शेड टाकली. कोणी हात दिला नाही, पाय ओढणारे मात्र पुष्कळ भेटले. त्या वर्षी एका देवळाच्या छपराचं काम माझ्याकडे होतं. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. जुने सागवानी वासे वाळवीने आणि खाऱ्या हवेने खाल्ले होते. त्यांच्या जागी लोखंडी कैच्या बसवायच्या होत्या.

कैची म्हणजे छपराला खालून पेलणारा त्रिकोणी सांगाडा. अशा आठ कैच्या, एकेकीला वीस-बावीस वेल्डिंगचे जोड. जोड फसला तर कैची फसते, आणि तिच्याखाली रविवारी पाच-सहाशे माणसं गुडघे टेकून बसलेली असतात. हे मी एक दिवसही विसरलो नव्हतो. समितीतले लोक काहीही म्हणोत.

त्या मंगळवारी कैच्या रंगासाठी उलटवल्या. तिसरीच्या आतल्या बाजूला, जोडाशेजारी, रुपयाएवढे दोन खडूचे गोल दिसले. चौथीवर तीन. पाचवीवर चार. बाकीच्यांवर एकही नाही.

आमच्या शेडचा नियम होता. ज्याने जोड मारला त्याने शेजारी पंच ठोकून आपली खूण उठवायची, म्हणजे उद्या भांडण झालं तर कोणाची मान पकडायची ते कळतं. माझी खूण दोन रेघा, माझा दुसरा वेल्डर रामदुलार, त्याची टिंब, पास्कूची क्रूस. नऊच्या नऊ गोल क्रूसांशेजारी होते.

पास्कू माझा सगळ्यात चांगला वेल्डर. भुईगावचा, वय तिशीच्या आत, देवळात गाणारा. त्याचा जोड बघताना नाण्यांची चळत आडवी ठेवल्यासारखी वाटायची. असा माणूस आपल्याच जोडांवर खुणा कशाला करील?

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. सायमन सर. निवृत्त इंजिनीयर, देवळाच्या बांधकाम समितीचे सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या ग्रिलचं काम निघालं तेव्हा त्यांनी माझं कोटेशन घेतलं, विरारच्या एका कंत्राटदारापुढे नाचवलं, त्याला खाली आणलं आणि काम त्याला दिलं. मी रात्र जागून काढलेलं माप दुसऱ्याच्या कामी आलं. या वेळी समितीतल्या इतरांनी मला निवडलं, ते सरांना रुचलं नव्हतं. शनिवारी तेच तपासणीला येणार होते. कच्चे जोड कुठे आहेत हे कोणी आधीच खडूने दाखवून ठेवलं, तर कैच्या नापास करायला किती वेळ लागतो?

त्यात पास्कू दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी घ्यायचा. विचारलं तर "घरचं काम" एवढंच. आणि मागच्या गुरुवारी मी स्वतः त्याला वसईच्या बाजारात सरांशी बोलताना पाहिलं होतं.

"कोणासाठी मारलेस हे गोल?" मी विचारलं.

"माझ्यासाठीच. शनिवारच्या आत बघून घेतो, शेठ. तोवर पुसू नका."

"सरांनी काय कबूल केलंय तुला?"

"कोणते सर?"

हा शहाजोगपणा मला सहन होत नाही. मी त्याची पिशवी खुंटीवरून काढली आणि टेबलावर उलटी केली. टिफिन, रोझरीची माळ, आणि एक गोळ्यांची स्ट्रिप. स्ट्रिपवर जिथे नाव असतं तेवढा भाग कात्रीने कापलेला.

"हे काय?"

"व्हिटॅमिन."

"व्हिटॅमिनचं नाव कोण कापून टाकतं रे? नशा करतोस आणि माझ्या मशीनवर बसतोस?"

त्याने आधी माळ उचलली, मग गोळ्या. मी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. वर म्हणालो, "तुझ्या बहिणीच्या लग्नाची घोषणा चालू आहे ना? गर्दुल्ला आहेस हे गावाला कळू दे."

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, नवरा-नवरीची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्याने फादरांना कळवायची. त्याच्या बहिणीची पहिली घोषणा झाली होती. मी काय बोललो ते मला नेमकं कळत होतं. राग आला की माझी जीभ बरोबर दुखऱ्या जागी जाते. धंद्यात त्याचा उपयोगही होतो.

दारातून वळून तो एवढंच म्हणाला, "निदान रंग तरी मारू नका."

मी उरलेले सात गोल फडक्याने पुसले आणि त्याच दुपारी आठही कैच्यांना रेड ऑक्साइड मारून घेतला. रेड ऑक्साइड म्हणजे गंज लागू नये म्हणून देतात तो तांबडा रंग. आता बघू सर काय शोधतात ते, असं माझं मन म्हणत होतं.

बुधवारी सकाळी मी फादरांकडे गेलो. तक्रार नोंदवून ठेवलेली बरी. फादर देवळामागे केळीची वाळलेली पानं कापत होते.

"फादर, तुमच्या सेक्रेटरींनी माझ्या शेडमध्ये माणूस पेरलाय. आणि तो माणूस नशा करतो."

"कोण?"

"पास्कू."

त्यांचा कोयता थांबला. "हे आणखी कुणाला सांगितलंस, इनास?"

"अजून नाही."

"मग सांगू नकोस."

"म्हणजे खरं आहे तर!"

"मी खरं म्हटलं नाही, खोटंही म्हटलं नाही. त्याचं तो सांगेल. त्याच्या घरी जा. फक्त शेठ म्हणून जाऊ नकोस."

"मग काय म्हणून जाऊ?"

"ते वाटेत ठरव."

मला वाटलं, हेही त्यांना सामील. अख्खी समिती एकीकडे आणि मी एकटा एकीकडे. तसाच स्कूटर मारत भुईगावला गेलो.

पास्कूची आई ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. माझं तोंड बघून ती ओळखून चुकली. तिने तांब्या पुढे केला. "आधी पानी घे, इनास. भांडाया आला असशील तर पानी पिऊन भांड. कोरड्या घशानं भांडू नये."

पाणी प्यायलो. आतून तिची मुलगी डोकावली आणि लगेच आत गेली. पास्कू वाडीत शिंपणं करत होता. त्याने मोटर बंद केली आणि मला विहिरीच्या पलीकडे नेलं, घरापर्यंत आवाज जाणार नाही इतकं लांब.

"मी काडी कशी मोजतो ठाऊक आहे तुम्हाला?" त्याने विचारलं.

काडी म्हणजे वेल्डिंगचा रॉड. तो जळत जातो आणि जोड भरत जातो. हात एका गतीने सरकला पाहिजे. जास्त रेंगाळला तर पत्रा जळतो, घाई केली तर आत पोकळी राहते. जो तो आपल्या परीने गती सांभाळतो. मी मनातल्या मनात आकडे मोजतो.

"मी नमो मरियाची प्रार्थना म्हणतो," पास्कू म्हणाला. "एका काडीला सात. सातवी संपली की काडी संपते. सहा वर्षं चुकली नाही."

"मग?"

"दोन वर्षांपूर्वी कानाशी कोणीतरी बोलायला लागलं. मास्क खाली केला की जास्त. मी माझं म्हणतो, ते त्याचं म्हणतं. मग तीन झाल्या की चार, ते कळत नाही. डॉक्टरच्या गोळ्यांनी ते बंद झालं होतं. सव्वा वर्ष अगदी शांत गेलं."

"मग परत कसं सुरू झालं?"

"प्रार्थनेला एक जण यायचा. म्हणाला, विश्वास असेल तर गोळ्या कशाला? मला ते पटलं. मी इथल्याच समुद्रात टाकल्या. तीन आठवडे घेतल्या नाहीत. तिसरी, चौथी, पाचवी कैची त्याच तीन आठवड्यांतली. ज्या जोडाला मोजणी तुटली, तिथे खडूने गोल केला. शनिवारच्या आत ते सगळे घासून परत मारणार होतो."

"गोळ्या परत घ्यायला कोणी सांगितलं? डॉक्टरने?"

"फादरांनी. मी रडत गेलो होतो, माझा विश्वास कमी पडला म्हणून. ते म्हणाले, मी चष्मा लावून मिस्सा वाचतो, माझा विश्वास कमी का? गोळी घे आणि माळही सोडू नकोस."

मी सहज विश्वास ठेवणारा माणूस नाही. म्हणालो, "कागद दाखव."

त्याने घरातून केसपेपर आणला. मानसोपचाराच्या ओपीडीचा. एकाखाली एक तारखा होत्या. मी त्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. सगळे गुरुवार.

"स्ट्रिपचं नाव का कापलंस?"

"शेजारी नर्स राहते."

"आणि सरांशी बाजारात काय बोलत होतास?"

"लग्नाला कोणती गाणी घ्यायची ते. सर आमच्या गायनमंडळात पेटी वाजवतात. शेठ, तुम्हाला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. उलट त्यालाच विचारलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मशीनवर ठेवलं असतं?"

मी आयुष्यभर घासाघीस केली. समोरच्याच्या प्रत्येक बोलीवर माझ्याकडे उलटी बोली तयार असते. या वेळी मी विषय बदलला.

"बरं, ते नऊ जोड कोणते ते आठवतं?"

"आठवलं असतं तर खडू कशाला लागला असता?"

गोल मी पुसले होते. वर तांबडा रंगही दिला होता. मी म्हणालो, "उद्या ये." तो म्हणाला, "उद्या गुरुवार आहे." मग आम्ही शुक्रवार ठरवला.

परत येताना हिशेब केला. पास्कूचे क्रूस तेवढे तपासले की झालं. शुक्रवारी त्याला तसं म्हणालो. त्याने मान हलवली.

"तसं नको. माझेच का, असं रामदुलार विचारेल. मग ते शेडभर होईल, आणि शेडमधलं गावात. तपासायचे तर सगळ्यांचे."

सगळे म्हणजे पावणेदोनशे जोड. आठवडा तरी जाणार. आणि मुदत मागायची ती सायमन सरांकडे.

"मुदत?" सर म्हणाले. "इनास, तू मागतोयस? कारण?"

खरं कारण सांगता येत नव्हतं. "वेल्डिंगवर शंका आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या."

ते हसले. "हे मी लिहून घेऊ का?"

"घ्या लिहून," मी म्हणालो. दात आवळून म्हणालो, पण म्हणालो.

मुंबईहून डीपी टेस्टचे डबे आणले. ही तपासणी सोपी असते. रंग खरवडून जोड स्वच्छ करायचा, त्यावर लाल द्रव फवारायचा, थोड्या वेळाने तो पुसून पांढरी पूड फवारायची. जोडाला तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. तारेच्या ब्रशने रेड ऑक्साइड खरवडताना माझ्या बोटांची सालं निघाली. माझ्याच हुकमाने मारलेला रंग होता, ओरडणार कोणावर?

पाच दिवसांत सगळे जोड झाले. तीन लाल रेघा निघाल्या. एक क्रूसाशेजारी. उरलेल्या दोन, दोन रेघांच्या खुणेशेजारी.

म्हणजे माझ्या.

दोन्ही सहाव्या कैचीवर. तो दिवस मला चांगला आठवत होता. सकाळी सरांशी फोनवर भांडण झालं होतं आणि फोन आपटून मी तसाच मास्क लावला होता. काडी जळत होती आणि मी मनात सरांना शिव्या मोजत होतो. पास्कूच्या नऊ गोलांपैकी निदान आठांखाली मात्र काहीच निघालं नाही. त्याची मोजणी तुटली होती, पण हात चुकला नव्हता. शिवाय, मोजणी तुटली हे त्याला कळलं तरी होतं.

रामदुलार ग्राइंडर आणायला गेला. पास्कूने खिशातून खडू काढला आणि माझ्या दोन्ही जोडांभोवती गोल केले.

तिन्ही जोड घासून परत मारले, तपासणी झाली आणि पुढच्या सोमवारी कैच्या चढल्या. अजून वर आहेत.

त्याच्या बहिणीची तिसरी घोषणा झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. कोणाची हरकत निघाली नाही. पास्कूने दुसऱ्या रविवारच्या आधीच नवऱ्या मुलाला जाऊन सगळं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मी त्याला विचारलं, एवढी घाई का केलीस? तो म्हणाला, "तुमच्या तोंडून जाण्यापेक्षा माझ्या तोंडून गेलेलं बरं." माझ्यावर त्याचाही भरवसा नव्हता.

समितीच्या वहीत मात्र "कंत्राटदाराच्या सदोष कामामुळे एक आठवडा उशीर" असं लिहिलं गेलं. पुढे घंटेच्या मनोऱ्याचा जिना निघाला. तो विरारवाल्याला मिळाला आणि मला तीच ओळ दाखवण्यात आली. ओळ खरी होती, म्हणून भांडताही आलं नाही. खोटी असती तर सोडलं नसतं.

त्यानंतर शेडमध्ये वेल्डिंग मशीनशेजारी मी खडूचा डबा ठोकला. नियम केला, ज्याचं डोकं ठिकाणावर नसेल त्याने आपल्या जोडाला गोल मारायचा. कारण कोणी विचारायचं नाही. पास्कू पुढे बारा वर्षं माझ्याकडे होता. गुरुवारी अर्धा दिवस सुट्टी, बाकी दिवस काम. त्या बारा वर्षांत त्याचे गोल फार थोडे झाले. खडू बहुतेक मीच संपवला.