हजीऱ्याची पिकअप

हजीऱ्याच्या त्या माणसाचा एक पाय अपघातात गेला होता, म्हणून तो आपली पिकअप विकत होता. आम्हाला मंडपाच्या धंद्यासाठी स्वस्तातली जुनी गाडी हवी होती. भाव जमेना, तेव्हा दादा त्याच्या पायाकडे बघत म्हणाला, "तुम्हारे किस काम की? खड़ी-खड़ी सड़ेगी." त्याने मान खाली घातली आणि दादाचा भाव कबूल केला.

किल्ली देताना त्याने विचारलं, "एक बार बैठ लूँ?"

"अब हमारी है," म्हणत दादाने दार लावून घेतलं.

वाटेत दादा मला म्हणाला, "दोन्ही पाय गेले असते, तर फुकटात मिळाली असती."

मला हसू आलं नाही. घरी वहिनीने गाडीला कुंकू लावलं. दादाने तिला तेच ऐकवलं आणि ती मात्र पोट धरून हसली.