नाव एकाचं, मरण दुसऱ्याचं

लष्कराच्या रोलप्रमाणे, म्हणजे शिपायांच्या यादीप्रमाणे, आबासाहेबांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात परदेशात मेले होते. घरचे म्हणत, ते लढून परत आले. गावात त्यांच्या नावाची कमान उभी राहायची होती आणि मला घराण्याचा इतिहास लिहून द्यायचा होता.

मी रेकॉर्ड ऑफिसातून रिटायर झालो. मोडी वाचतो, वंशावळी शोधतो. आबासाहेब धारूरकडचे पुढारी. त्यांची चिठ्ठी घेऊन मी गोदाकाठच्या उपाध्यांकडे गेलो. तीर्थाला आलेल्या घराची नोंद ते वहीत ठेवतात आणि त्याच घरच्यांना दाखवतात. रोलमधल्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी पणजोबांनी स्वतः मोडीत लिहिलं होतं : 'माझे नावावर फौजेत गेलेला राणू धनगर लढाईत मेला. त्याचे पिंड दिले.' खाली सही.

मी मोबाइलवर फोटो काढला.

राणूचा पणतू मारुती आबासाहेबांच्याच गावात मेंढरं राखतो. वय सत्तरीचं. राणू पोटुशी बायको टाकून पळाला, असंच त्याच्या घरी सांगत आले होते. सोयरीक जुळवताना अजून लोक ते काढतात. मी त्याला वहीतलं सांगितलं.

"म्हंजे पळाला न्हवता?"

"नव्हता."

"मग कागुद द्या मला."

आधी आबासाहेबांना विचारतो, म्हणालो. इथेच चुकलो.

आबासाहेबांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. रोलमध्ये कारकुनाची चूक आहे असं लिहा, म्हणाले. मी नाही म्हटलं. मग त्यांनी फोटो डिलीट करायला सांगितला.

"तुमाला वाचायला बोलावलं हाय. गावाला सांगायला न्हाई."

घरचे कागद त्यांच्या परवानगीशिवाय ठेवणार नाही, असं मी आधीच लिहून दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांची भीतीही वाटली. त्यांच्यासमोर फोटो पुसला.

मारुतीला घेऊन मी पुन्हा उपाध्यांकडे गेलो. चिठ्ठीशिवाय त्यांनी वही उघडली नाही. रोलमध्ये तर राणूचं नावच नाही.

परतताना एसटीत मारुती एवढंच बोलला, "सायेब, तुमी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं."

कमान झाली. आबासाहेबांनी दुसऱ्या कुणाकडून इतिहास लिहून घेतला. आता मी कागद देता येणार असेल तरच कुणाच्या घरी तोंड उघडतो.