डाव्या कुशीवर

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण नारायणगावच्या एका लहान दवाखान्यात झालं, दोन हजार चारच्या सुमारास. तिथल्या सिस्टरचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची.

कळा सोसवेनात म्हणून भूलतज्ज्ञांनी लेकीच्या पाठीत इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत ती शांत झाली. मला हायसं वाटलं, पण सिस्टर सारखं ब्लडप्रेशर मोजत होती. एकशे वीसचं पंच्याऐंशी झालं, बाळाचे ठोके मंदावले. तिने डॉक्टरांना हाक मारली, सलाईन जोरात सोडलं आणि लेकीला डाव्या कुशीवर वळवू लागली.

मी सिस्टरचा हातच धरला. "अगं बाई, बाळ दबंल!"

"काकू, हात सोडा. पाटात दगड पडला तर खालच्या वाफ्याला पाणी जाईल व्हय? उताणं झोपलं की पोटाचं वजन तसंच रक्ताच्या वाटेवर बसतंय."

मी हात सोडला. बाळाचं रक्त त्या घडीला मीच अडवत होते.

प्रेशर एकशे दहावर आलं. "आता बरंय ना?" मी विचारलं.

"थांबा, बाळाला विचारते." पोटावर ठोके ऐकायची नळी टेकवून ती घड्याळाकडे बघत पुटपुटत मोजू लागली. मिनिटभराने "एकशे चाळीस" म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदाच स्टुलावर बसली.