मी रशीदला येडा म्हणालो

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोला बी न्हाई. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायला वेळ लागतो—पण तोंडानं सांगवत न्हाई.

साखर कारखान्यात मी गव्हाणीवर होतो. उसाच्या मोळ्या पट्ट्यावर पडतात ती जागा. हंगामात पट्टा थांबवायचा न्हाई. अडकला की वरून शिव्या, खालून शिव्या. एका हंगामात माझी झोप गेली. रातभर पट्टा कानात वाजायचा. घरी सांगितलं पाहुण्याकडं चाललो, आन बीडला डोक्याच्या डॉक्टरकडं गेलो.

तिथं बाकावर कोण? आमच्याच पाळीतला रशीद. तो हसला, सरकून जागा दिली.

एकाच दुखण्याची दोन माणसं—एकमेकाला धरून राहतील, असंच वाटतं ना?

दोन दिवसांनी रशीदनं डॉक्टरचा कागद सगळ्यांसमोर सुपरवायझरला दिला. "साहेब, माझं डोकं ठिकाणावर न्हाई. पट्ट्यापाशी माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल. महिनाभर गेटवर बसवा."

किती सरळ! साहेब कागद वाचायला लागले. मला मात्र धडकी—हा आता म्हणंल, तात्याबी तिथंच होता.

म्हणून मीच आधी बोललो. "गेटवर कशाला, साहेब? झाडाला बांधा येड्याला! कुणाला चावला तर?"

सगळे हसले. साहेबबी. माझ्या टोपीच्या घडीत तवा त्याच डॉक्टरच्या गोळ्या होत्या.

रशीदनं माझ्याकडं बघितलं. कागद परत घेतला. "राहू द्या साहेब, गंमत केली," म्हणाला आन पट्ट्यावर गेला. त्या दिवसापासून तो 'येडा रशीद'. दवाखाना त्यानं सोडला. मी न्हाई सोडला—कुणाला दिसू नये म्हणून वार बदलून जात राहिलो, बरा झालो.

पुढच्या हंगामाला तो आलाच न्हाई. नेकनूरच्या बाजारात त्याची बायको भेटली. "तात्या, दिसभर भिंतीकडं तोंड करून बसतेत. तुमी संगं होता, कावून झालं असं?"

मी म्हणालो, "नशीब."

आपलं डोकं आपण सांभाळावं, एवढी अक्कल मला होती. मी सांभाळलं—चोरून. तो उघड सांभाळत होता, ते मी मोडलं. गावात आजबी म्हणतात, तात्यासारखं कणखर डोकं कुणाचं न्हाई. मी ऐकून घेतो.

रशीदनं माझं नाव कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं, तर मी त्याला खोटं पाडलं असतं—आन लोकांनी माझंच ऐकलं असतं.