दोनच चिंचोके

येडशी स्थानकासमोर लिंबाखाली आम्ही पाच म्हातारे पैशांऐवजी चिंचोके लावून पोकर हा पत्त्यांचा डाव खेळत असू. आमच्यातल्या निवृत्त रेल्वे गेटमनचा हात मोबाइलवर पोकर खेळून बिघडला, असे आमचा शिंपी आजही सांगतो. ते साफ खोटे आहे.

गेटमन प्रत्येक चिंचोका धोतराला पुसून मांडत. पहिली दोन पाने चांगली आली, की सगळ्यांची सामाईक मधली पाने उघडण्याआधीच बारा चिंचोके लावत. मला म्हणत, "मोबाइलवर दोन-तीन लावले तरी माणसं पळतात, गुरुजी. इथं बारा लावल्याबिगर कुणी पानं टाकत न्हाय." आणि पाने टाकून डाव सोडणारा आमच्यात उठून चहाला जाई.

मुलगा त्यांना कायमचे पुण्याला नेणार होता. जाण्याच्या आदल्या दुपारी त्यांनी दोनच चिंचोके लावले. कोणीही उठले नाही. मधल्या पानांत दुर्र्या आल्या आणि शिंप्याने तीन दुर्र्यांवर डाव जिंकला.

"मोबाइलची सवय लागली व्हय, मामा?" शिंप्याने टोमणा मारला. ते नुसते हसले आणि त्यांनी पाने पालथी टाकली.

पाने मी गोळा केली, म्हणून मला ठाऊक आहे. त्यांच्या हाती दोन एक्के होते, सुरुवातीला याहून चांगली पाने येत नाहीत.

"एक्क्यांवर दोनच?" मी हळूच विचारले.

"बारा लावले असते तर सगळे उठून गेले असते, गुरुजी. उद्यापासून मी न्हाय इथं."