काळी पाचवरून खाली

ऑपरेशननंतर आठ महिने मी देवघरात दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. गळ्यातली गाठ निघाली, जीव वाचला आणि आवाजाचा वरचा अर्धा भाग गेला. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वाट पाहा. मी रोज सकाळी पेटी काढायची, वरचा सा लावायला जायची, नुसती हवा निघाली की पेटी बंद करायची. तीस वर्षं ज्याचं नाव गायलं त्यानं नेमका माझा गळाच धरावा, याचा मला भयंकर राग होता. देवाशी अबोला धरला होता. अबोला धरायलाही समोर कुणीतरी असावं लागतं, एवढीच काय ती श्रद्धा उरली होती.

मी गाणी लिहिते, चाली लावते आणि स्वतःच गाते. वडील कीर्तनकार. भिंतीपलीकडं खाला राहायची, माझ्या आईची मैत्रीण. ती जात्यावर डाळ भरडताना दखनीत अल्लाची नावं गुंफून गुणगुणायची, अलीकडं वडिलांचे अभंग चालायचे, आणि मी खालासमोर बसून जात्याचा खुंटा धरलेला असायचा. माझ्या गाण्यांत दोन्ही आलं ते असं, ठरवून काही केलं नाही. भजनवाल्यांना त्यात कव्वाली दिसायची, कव्वालीवाल्यांना भजन. मात्र जात्याचं गाणं सगळेच मागायचे: ‘फिर रे चक्की हौले हौले, नाम घेता दाणे मऊ झाले.’ शब्द माझे, चाल खालाच्या गुणगुणण्यातली. मी ते काळी पाच या पट्टीत गायची, म्हणजे बाईच्या गळ्यालाही बऱ्यापैकी वर. शेवटी आवाज चढवला की टाळ्या ठरलेल्या. त्या टाळ्यांची मला चटक लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी खालाच्या मुलीचा, शबानाचा, गंगापूरहून फोन आला. म्हातारपणी खाला तिच्याकडंच राहायला गेली होती. “ताई, अम्मीचं काही खरं नाही. दो दिन से तुम्हाराच नाम लेरी. चक्कीवाला गाना सुनना बोलरी.”

गाणार काय, कपाळ! जाऊ की नको करत अर्धी सकाळ घालवली. शेवटी निघाले तर क्रांती चौकात रिक्षा अडकली आणि एसटी चुकली. चरफडत जीपमध्ये बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पेटी घेऊन बसले होते.

“सारखं पेटीकडं बघताय. गाता व्हय?”

“गात होते,” मी म्हणाले. आणि जे नवऱ्याशीही कधी धड बोलले नव्हते, ते सगळं त्या अनोळखी माणसाला सांगून बसले. गंगापूर येईस्तोवर त्यांनी फक्त ऐकलं. उतरल्यावर म्हणाले, “माझी म्होरची गाडी दोन तासांनं हाय. पेटी हाय, मी हाय. चला.”

“आवाज नाही हो.”

“नसू द्या. नुसतं बसू.”

खाला खाटेवर पार मुठीएवढी होऊन पडली होती. डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. “सुबह से बोलतीच नै,” शबाना म्हणाली. मी सवयीनं काळी पाच सांगितली आणि सुरुवात केली. ‘हौले’वरच आवाज फाटला. शबानानं मान खाली घातली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, मी उठलेसुद्धा.

म्हाताऱ्यांनी भाता थांबवला नाही. बोटं तेवढी खालच्या पट्टीत, पांढरी चारवर आणली. “खाली या की, ताई. देव काय वरच बसलाय व्हय?”

मला राग आला. पण खालाचा चेहरा बघून खाली बसले. एवढ्या खाली मी कधी गायले नव्हते. तिथं चढवायला काही नव्हतं, मिरवायलाही नव्हतं. दोन ओळी झाल्या आणि अंगावर काटा आला. ही तर खालाची पट्टी. ती जात्यावर ह्याच आवाजात म्हणायची. मंचासाठी चाल उचलून वर नेली होती ती मी. त्या पट्टीत आवाज कुठंच फाटला नाही. डोळे मात्र वाहत होते.

तिसऱ्यांदा ‘फिर रे चक्की’ म्हटलं तेव्हा गोधडीवरचा खालाचा उजवा हात हलला. मूठ वळली आणि हळूहळू गोल फिरू लागली. शबाना रडत खाली बसली. मी हात पुढं केला, लहानपणी खुंट्यावर धरायची तसा तिच्या मुठीवर ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत आम्ही दोघींनी दळलं.

म्हातारे गाडीची वेळ झाली म्हणून चहा न घेताच गेले. नाव विचारायचं राहून गेलं. नंतर गंगापूरच्या दोन भजनी मंडळांत विचारलं, कुणाला ठाऊक नव्हते. एसटी चुकली नसती तर ते भेटले नसते, एवढंच मला माहीत आहे.

दोन दिवसांनी खाला गेली. माझा वरचा आवाज परत आलेला नाही, आता येईल असं वाटतही नाही. त्याचं दुःख आहे, नाही कसं म्हणू? बोलावणी कमी झाली. जे ऐकायला येतात त्यांच्यासमोर मी पांढरी चारमध्ये गाते. टाळ्या उशिरा येतात, कधी येतही नाहीत. मी वर मागत राहिले आणि त्यानं मला खाली आणून बसवलं, जिथं गाणं आधीपासून होतं.

खालासमोर गायले त्याच संध्याकाळी गंगापूरहून घरी आले, दिवा लावला आणि आठ महिन्यांनी हात जोडले. मागायला काहीच सुचलं नाही. उजव्या तळव्याला अजून खालाच्या मुठीची ऊब होती.